सांध्याची बखर : मॅटॅडोर, मारुती व्हॅन आणि रबराचं बूट

पुण्याच्या वाहन-उद्योगाचा इतिहास आजवर बहुतेक कारखान्याच्या फाटकापाशी उभं राहून लिहिला गेला आहे. परवाना कुणी आणला, जमीन कुठे मिळाली, पहिली गाडी कोणत्या साली बाहेर पडली, या प्रश्नांची उत्तरं गौरवग्रंथांत, स्मरणिकांत आणि कंपन्यांच्या अहवालांत मिळतात. पण फाटकाबाहेर पडलेली ती गाडी पुढची वीस-पंचवीस वर्षं रस्त्यावर कुणी चालती ठेवली, असा प्रश्न विचारला की कागद एकदम संपतात. दुरुस्ती करणाऱ्यांनी स्मरणिका काढल्या नाहीत. त्यांची बिलं पातळ कागदावरची, तेलाचे डाग पडलेली. काम झालं की ती कचऱ्यात जायची.

या लेखात मी एकाच सुट्या भागाचा माग काढणार आहे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावरचा सांधा, आणि त्या सांध्यावर चढवलेलं आच्छादन. गॅरेजच्या भाषेत क्रॉस, जॉइंट आणि बूट. विषय किरकोळ वाटेल. पण भाजीच्या पाट्या, लग्नाचं वऱ्हाड, नाटकाचं नेपथ्य आणि शाळेची मुलं वाहणारी व्हॅन या सांध्यांच्या जोरावर चालते, आणि हे सांधे झिजतात. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : सांध्याची कल्पना फार जुनी आहे, पण तो रस्त्यावर टिकला तो झाकणामुळे. आणि ते झाकण वेळेवर बदलणारी माणसं आपल्या लिखित इतिहासात कुठेच नाहीत.

मी इंजिनिअर नाही. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी हिशेबाची. मोडी लिपी मी पस्तिशीत स्वतःच शिकलो आणि यंत्रं त्याहूनही उशिरा. सदाशिव पेठेत राहतो, त्यामुळे भारत इतिहास संशोधक मंडळ पायी अंतरावर. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी स्थापन केलेल्या या संस्थेनं पुणेकरांना एक सवय लावली : साधन अस्सल असेल तर ते कुठून आलं याची लाज बाळगायची नाही. त्याच सवयीनं मी गेली काही वर्षं पेठांमधल्या गॅरेजांत, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि जुन्या बाजारात फिरतो आहे.

हार्बुर्ग ते आकुर्डी

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो एके काळी एका जर्मन कारखान्याचा छाप होता, हे मुद्दाम सांगावं लागतं. विडाल अँड झोन ही हॅम्बुर्गची कंपनी १९२०च्या दशकात उभी राहिली. शहराच्या हार्बुर्ग भागातल्या तिच्या कारखान्यात लहान मालवाहू तीनचाकी बनत आणि त्यांच्यावर ‘टेम्पो’ हे नाव असे. त्यांतल्या ‘हान्सेआट’ या तीनचाकीची रचना मजेशीर होती. दोन सिलिंडरांचं छोटं इंजिन थेट पुढच्या एकुलत्या चाकावर बसवलेलं. साखळीनं ते त्याच चाकाला फिरवी आणि वळताना चाकाबरोबर इंजिनही वळे. म्हणजे ताकद पुरवणारं आणि ताकद घेणारं, दोघंही एकाच चौकटीत. त्यामुळे मधे वाकणाऱ्या सांध्याची गरजच नव्हती.

ही तीनचाकी आपल्याकडे आली ती नवलमल फिरोदियांमुळे. अहमदनगरचं घराणं, वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि नवलमल स्वतः स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. १९५८ साली त्यांनी बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली. आधी मुंबईत गोरेगावला आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला हान्सेआट बनू लागली. गावोगावच्या लोकांनी तिच्या अंगावरचं नाव वाचलं आणि तेच त्या जातीच्या वाहनाचं नाव झालं. पुढे चारचाकी आली, दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, तरी माल वाहणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पोच. २००५ साली कंपनीनं स्वतःच्या नावातून ‘टेम्पो’ काढून फोर्स मोटर्स हे नाव घेतलं. मराठीनं मात्र तो शब्द सोडला नाही.

दुसरा शब्द ‘मॅटॅडोर’. टेम्पो-मॅटॅडोर ही चारचाकी व्हॅन जर्मनीत १९४९ साली निघाली. सुरुवातीला तिच्यात फोक्सवागेनच्या बीटल मोटारीचं इंजिन होतं, पण बीटलमध्ये ते मागची चाकं फिरवी, तर मॅटॅडोरमध्ये पुढची. या घराण्याची पुढची पिढी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आकुर्डीत बनू लागली. तिकडे जर्मनीत विडालचा कारखाना हानोमागकडे आणि तिथून डाइमलर-बेन्झकडे गेला. त्या घराण्याची हार्बुर्गमधली व्हॅन शेवटी शेवटी मर्सिडीजचा तारा लावून विकली जात होती, आणि १९७७ साली ती तिथे बंद झाली. पुण्यात मात्र मॅटॅडोर त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली. पुढे तिला मर्सिडीजच्याच परवान्याचं डिझेल इंजिन मिळालं. ज्या गाडीचा जन्मगावी वंश संपला, ती इथे रुग्णवाहिका, शाळेची गाडी आणि वऱ्हाडाची गाडी होऊन नांदली.

पुढची चाकं फिरवण्यात व्हॅन बनवणाऱ्याचा एक मोठा फायदा असतो. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा नसल्यानं फळी खाली ठेवता येते. माल चढवायला सोपं, म्हाताऱ्या माणसाला चढायला सोपं. तोटाही असतो. माल मागे भरून घाट चढू लागलात की भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि घसरतात. शिवाय पुढच्या चाकावर दोन कामं एकाच वेळी पडतात : त्यानं गाडी ओढायची आणि तिला वळवायचंही. हान्सेआटनं हा प्रश्न इंजिनच वळवून टाळला होता. चारचाकीत इंजिन जागेवर स्थिर, चाक मात्र खड्ड्यात वरखाली होणार आणि वळणावर आडवं होणार. या दोघांना जोडणारा दांडा वाकत वाकत फिरला पाहिजे. इथून पुढे सांध्याशिवाय गत्यंतर नाही.

एका फेऱ्यात दोनदा

वाकत फिरणाऱ्या सांध्याला युरोपात बऱ्याच ठिकाणी सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञ कार्डानोचं नाव आहे. पण तो सांधा यंत्र म्हणून नीट वर्णन करून मांडला तो इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं, १६७६ साली. आपल्या कालगणनेत बसवायचं तर शिवराज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी. हूकच्या मनात गाड्या नव्हत्या. सूर्य आणि तारे पाहण्याची उपकरणं हव्या त्या कोनात फिरवण्यासाठी त्याला सांधा हवा होता.

रचना सोपी आहे. दोन दांड्यांच्या टोकांना दोन शिंगांचे दोन काटे, एकमेकांशी काटकोनात. मधे अधिकच्या खुणेसारखा एक पोलादी तुकडा, ज्याचे चार हात चार शिंगांत बसतात. म्हणूनच आपल्या मिस्त्रींच्या तोंडी तो ‘क्रॉस’.

या सांध्यात एक खोट आहे, आणि पुढची अडीचशे वर्षं तिचीच आहेत. एक दांडा एकसारख्या गतीनं फिरत असला तरी सांध्यापलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सांधा जितका जास्त वाकलेला, तितकी ही ओढाताण मोठी. हिशेब माझ्या आवडीचा आहे म्हणून देतो : दोन दांड्यांमध्ये तीस अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा १०० च्या गतीनं फिरत असेल, तर दुसऱ्याची गती एकाच फेऱ्यात ८७ ते ११५ यांच्यामध्ये हेलकावत राहते. पाच अंशांचा कोन असेल तर हाच फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. थोड्या वाकण्याला क्रॉस उत्तम; वळणाऱ्या चाकाला तो हिसके देतो.

मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत यावर जुना तोडगा आहे. लांब दांड्याच्या दोन टोकांना दोन क्रॉस लावायचे, आणि दोघांचे काटे अशा रीतीनं जुळवायचे की पहिल्यानं केलेली गडबड दुसऱ्यानं निस्तरावी. मधला दांडा हेलकावे खात फिरतो, पण चाकांपर्यंत गती सरळ पोचते. १९८४ साली आलेली, पुढे ओम्नी हे नाव मिळालेली मारुती व्हॅन याच पद्धतीची. पुढच्या सीटखाली ७९६ सीसीचं इंजिन, फळीखालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याला दोन क्रॉस. २०१९ साली बनणं थांबेपर्यंत तिनं हा सांगाडा सोडला नाही.

शाफ्ट काढण्याआधी चांगला मिस्त्री खडूनं किंवा पंचनं दोन्ही जोडांवर खूण करतो. त्याचं कारण हे गणित आहे. शाफ्टचे सरकते भाग सुटे करून पुन्हा बसवताना काटे एका दात्यानं जरी इकडेतिकडे गेले, तरी दोन क्रॉस एकमेकांची चूक निस्तरत नाहीत. आणि वेग वाढला की गाडी खालून गुरगुरू लागते. नाना पेठेत एका वयस्क मिस्त्रींना मी याचं कारण विचारलं. ते म्हणाले, “अहो, कारण मला कुणी सांगितलं नाही. उस्तादानं एकदा खूण न करता बसवायला लावलं आणि गाडी चालवायला दिली. स्वारगेटपर्यंत गेलो आणि परत आलो. तेव्हापासून खूण करतो.” कोन आणि गती यांचं समीकरण त्यांच्या बुडानं शिकलेलं होतं.

झाकणाचा शोध

हूकच्या सांध्याला मोटारीत येताना एक नवाच शत्रू भेटला, तो म्हणजे रस्ता. वेधशाळेतल्या उपकरणाला धूळ आणि चिखल माहीत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ मोटारी चाकांपर्यंत ताकद नेण्यासाठी सायकलसारखी साखळीच वापरत. ती उघडी, खडखडणारी आणि मातीनं लवकर झिजणारी. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला तिच्या जागी फिरता दांडा आणि सांधे आणायचे होते. १९०३ साली त्याला पेटंट मिळालं. त्या पेटंटातला मुद्दा सांध्याचा नव्हता, सांध्याभोवतीच्या आवरणाचा होता : वंगण आत राहील आणि धूळ बाहेर राहील असं कवच. मोटारीच्या सांध्याचा धंदा त्या कवचावर उभा राहिला. त्याच्या नावाची कंपनी पुढे जगभर पसरली आणि ते नाव पुण्याच्या उद्योगपट्ट्यातही आलं.

वंगण हा आपला शब्द अर्थातच बैलगाडीच्या काळचा. आसाला वंगण घालणं गाडीवानाला दर प्रवासाला करावं लागे, कारण ते उघड्यावर होतं आणि गळून जाई. मोटारीनं केलेला बदल वंगणाचा नव्हता, ते कोंडून ठेवण्याचा होता. सुरुवातीला सांध्यांवर ग्रीस भरलेल्या चामड्याच्या पिशव्या बांधत. पुढे रबर आलं. ‘बूट’ हे नाव त्या चामड्यापासून चालत आलेलं दिसतं.

आता वळणाऱ्या चाकाचा प्रश्न. गती न बदलता वाकणारा सांधा हवा, यावर १९२०च्या दशकात दोन ठिकाणी काम झालं. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी ट्रॅक्टा नावाचा सांधा काढला. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यातल्या अल्फ्रेड झेप्पानं गोळ्यांचा सांधा काढला, आणि आज जवळजवळ प्रत्येक छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकात आहे तो त्याचाच वंशज. एका पोलादी वाटीत आतून सहा चर; वाटीत बसणाऱ्या गाभ्यावर बाहेरून तसेच सहा चर; दोघांच्या मधे सहा गोळ्या, आणि त्यांना एका पातळीत धरणारा पिंजरा. सांधा कितीही वाकला तरी गोळ्या दोन दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत राहतात, म्हणून दोन्ही दांडे एकाच गतीनं फिरतात. हूकची खोट इथे मिटली. १९५९ साली इंग्लंडात आलेल्या मिनी मोटारीनं हा गोळ्यांचा सांधा सामान्य माणसाच्या गाडीत आणला. आपल्याकडे घराघरात तो पोचवला डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००नं.

पण या सांध्याला क्रॉसपेक्षाही जास्त स्वच्छता लागते. चर आणि गोळी यांतली फट केसापेक्षा बारीक. त्यात रेतीचा कण गेला की त्याची कानस होते. म्हणून त्याच्यावर भात्यासारख्या घड्यांचं रबरी बूट, दोन्ही टोकांना पट्ट्या, आणि आत मॉलिब्डेनमयुक्त काळं ग्रीस. संपूर्ण सांध्याच्या मानानं हे बूट अगदी स्वस्त. त्या गाड्यांमध्ये पोलाद सहसा आपणहून मरत नाही. आधी रबर फाटतं.

गल्लीतलं वळण

सदाशिव पेठ माधवराव पेशव्यांनी पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं वसवली. तिथल्या गल्ल्या पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाच्या. चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, नागनाथ पार या खुणा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना तिथली वळणंही ठाऊक आहेत. बोळातून बाहेर पडणारी गाडी चक्र शेवटपर्यंत फिरवूनच बाहेर पडते, कधी कधी दोनदा मागेपुढे करून. शाळा सुटण्याच्या वेळी पेरूगेटापासून टिळक रस्त्यापर्यंत हे दृश्य रोज दिसतं.

यंत्राच्या भाषेत याचा अर्थ असा की इथल्या पुढच्या चाकाच्या ओढीच्या गाडीचा बाहेरचा सांधा त्याच्या टोकाच्या कोनात सर्वांत जास्त काम करतो. बुटाच्या घड्या एका बाजूला दाबल्या जातात आणि दुसऱ्या बाजूला ताणल्या जातात. रबर जुनं झालं की घडीच्या तळाशी बारीक चीर पडते. चाक फिरताना ग्रीस त्या चिरेतून बाहेर फेकलं जातं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं वर्तुळ उमटतं. ही पहिली सूचना, आणि ती आवाज करत नाही. दुसरी सूचना पाऊस आणि धूळ आत गेल्यावर काही महिन्यांनी येते : चक्र पूर्ण फिरवून गाडी हळू पुढे नेली की कट् कट् कट्. तोवर बूट बदलण्याची वेळ बहुधा गेलेली असते.

मागच्या चाकांच्या व्हॅनमध्ये सूचना वेगळी. पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताना खालून टण् असा आवाज येतो. नंतर ठरावीक वेगाला फळी थरथरते. क्रॉसच्या चार हातांवर चार टोप्या, त्यांत सुईसारखी बारीक बेअरिंगं, आणि तोंडाशी रबराचं सील. इथलं ‘बूट’ म्हणजे ते सील. ते गेलं की सुया कोरड्या पडतात. दुर्लक्ष करत राहिलं आणि चालत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचं मोकळं टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. गाडीत मुलं बसलेली असतील तर या वाक्याला वेगळा अर्थ येतो. म्हणून सांध्यांची तपासणी हा मला हौसेचा विषय वाटत नाही.

झिजेचं वाचन

सदाशिव पेठेतल्याच एका जुन्या वाड्याच्या दर्शनी खणात एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री सत्तरी ओलांडलेले; हात बसला तो मॅटॅडोरवर, मग मारुती. त्यांच्याकडे मी अनेक दुपारी बसलो आहे. बूट बदलण्याचं काम ते ज्या क्रमानं करतात तो इथे नोंदवून ठेवतो, कारण तो छापील स्वरूपात मराठीत मला कुठे आढळला नाही.

चाकाच्या मध्यावरचं मोठं नट ते गाडी जमिनीवर असतानाच ढिलं करतात. गाडी उचलल्यावर चाक नुसतंच फिरतं आणि पान्ह्याला दाद देत नाही. मग जॅक, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली घोडी. चाक काढलं की खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाजूला ओढायचा आणि एक्सल बाहेर घ्यायचा. गियरबॉक्समधलं तेल गळतं, त्यासाठी खाली घमेलं आधीच ठेवलेलं. एक्सल व्हाइसमध्ये अडकवून फाटलेलं बूट कापून टाकायचं. जॉइंट एका छोट्या कडीनं अडकलेला असतो. त्याच्या गाभ्यावर बेतानं ठोकला की तो निघतो. बूट दांड्याच्या टोकाकडूनच चढतं, म्हणून जॉइंट काढल्याशिवाय नवं बूट बसत नाही. स्वस्त भागाचं हे काम लांबणीवर पडतं ते यामुळे. भाग थोडक्या पैशांचा, पण मेहनत अर्ध्या दिवसाची.

यानंतरची पंधरा मिनिटं माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची. जॉइंट रॉकेलमध्ये धुऊन, पिंजरा तिरका करून मिस्त्री एकेक गोळी बाहेर काढतात आणि चष्मा कपाळावर चढवून चर पाहतात. मी मंडळात कागद पाहतो तसेच.

चराच्या एकाच बाजूला झीज असते, कारण गाडी आयुष्यभर पुढेच ओढते आणि मागे फार थोडी जाते. झीज चराच्या मध्याला असेल तर गाडी सरळ, महामार्गावर चाललेली. ती चराच्या टोकांपर्यंत पसरलेली असेल तर गाडी गल्लीतली. चर आरशासारखा चकाकत असेल तर काळजी नाही. नखाला अडेल असा खड्डा असेल तर जॉइंट गेला. तळाशी तांबूस छटा असेल तर बूट पावसाळ्याआधी फाटलं होतं आणि पाणी आत साचलं. ग्रीस बोटांत चोळल्यावर किरकिरलं तर रेती. क्रॉसचंही असंच. त्याच्या हातांवर सुयांच्या मापाच्या समांतर रेघोट्या उमटल्या असतील, तर सुया जागच्या जागी ठोकत राहिल्या. यात एक गंमत आहे : शाफ्ट अगदी सरळ असला तर सुया फिरतच नाहीत आणि त्याच जागी घाव बसतात, म्हणून रचनाकार मुद्दाम थोडा कोन ठेवतात.

मिस्त्रींची एक युक्ती इथे सांगतो. ज्या गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूचा बाहेरचा जॉइंट एकसारखा असतो आणि झीज फार खोल नसते, तिथे ते डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवतात. बाजू बदलल्यानं गोळीचा भार चराच्या न झिजलेल्या कडेवर येतो. नवा जॉइंट घेण्याइतके पैसे गिऱ्हाइकाकडे नसतील तर सांध्याला असं दुसरं आयुष्य मिळतं. हे कुठे वाचलं, असं मी विचारलं. “वाचायचं काय त्यात? कोणती बाजू खाल्ली आणि कोणती राहिली, ते दिसतंय की तुम्हालाच.”

हा नुसता काटकसरीचा प्रकार मानणं चुकीचं होईल. झीज कुठे, का आणि कोणत्या दिशेनं होते, याचं संपूर्ण आकलन असल्याशिवाय ही अदलाबदल सुचत नाही. आपण ज्याला जुगाड म्हणून कौतुक करतो किंवा नाक मुरडतो, त्यात अनेकदा असं निरीक्षण दडलेलं असतं.

कागद आणि लोखंड

आज हे काम बदलतं आहे. बहुतेक ठिकाणी बूट फाटलं की अख्खा एक्सल बदलतात. त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. तयार एक्सल बाजारात मिळतो, तासाभरात बसतो, आणि अर्धा दिवस रॉकेलात हात घालायला तरुण पोरं तयार नाहीत. कारागिराच्या तासाला चांगला भाव मिळू लागला असेल, तर त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. पण अख्खा भाग बदलला की जुना जॉइंट न उघडताच भंगारात जातो आणि झिजेचं वाचन करण्याची वेळच येत नाही. एका पिढीत हे वाचन विसरलं जाईल, आणि मग शाळेच्या गाडीखालून आलेल्या ‘टण्’चा अर्थ सांगणारं माणूस शोधावं लागेल.

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्न उरणार नाही, असं काहीजण म्हणतात. इंजिन जाईल, साइलेन्सर जाईल, हे खरं. पण मोटर गाडीच्या सांगाड्याला धरून बसवलेली असेल आणि चाक खड्ड्यात वरखाली होत असेल, तोवर दोघांच्या मधला सांधा आणि त्याचं बूट राहणारच. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते, म्हणजे त्या सहा गोळ्यांवरचं ओझं काही कमी होणार नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांपुढे म्हणून माझी एक साधी मागणी आहे. राजवाड्यांनी वाडे आणि माळे धुंडाळून दप्तरं गोळा केली, तेव्हा घरच्यांना त्या कागदांची किंमत वाटत नव्हती. गॅरेजांच्या वह्यांची आज तीच अवस्था आहे. गाडीचा क्रमांक, तारीख, किलोमीटर, कोणता भाग बदलला, किती घेतले : एवढ्या पाच रकान्यांची वही सलग वीस वर्षांची मिळाली, तर शहराच्या रस्त्यांचा, पावसाचा, मजुरीचा आणि वाहनांच्या आयुष्याचा असा आलेख निघेल, जो कुठल्याही कंपनीच्या अहवालातून निघणार नाही. कर्त्या मिस्त्रीनंतर मुलगा दुसऱ्या धंद्यात जातो, गाळा विकला जातो आणि वह्या रद्दीत जातात. माझ्या डोळ्यांदेखत अशा दोन जागा गेल्या.

लोखंडही जपायला हवं. माझ्याकडे सध्या अकरा झिजलेले जॉइंट आणि चार क्रॉस आहेत. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधली आहे : कोणती गाडी, कोणत्या पेठेतली, किती चाललेली, बूट कधी फाटलं, जॉइंट कधी वाजू लागला. या शेवटच्या दोन नोंदींमधलं अंतर बहुतेक चिठ्ठ्यांवर काही महिन्यांचं आहे. तेवढ्या महिन्यांत कुणी खाली वाकून पाहिलं असतं, तर एका रबराच्या तुकड्यात काम भागलं असतं.